कार्डाचं कर्ज फेडताना लिमिट वाढवून घ्यावी की कमी करावी?

उद्यमबागवाला
८ जून २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. लिहायला लाज वाटत होती, पण घरात हा विषय निघाला की दोघांचाही आवाज चढतो. तेव्हा बाहेरच्या माणसांनाच विचारावं म्हटलं.

मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आहे, हातात ३४ हजार येतात. दीड वर्षापूर्वी आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्याचं बिल कार्डावर भरलं. तिथून सगळं सुरू झालं. आज तीन कार्डं आहेत. मोठ्या कार्डाची लिमिट १,८०,००० आणि त्यावर बाकी १,५२,०००. दुसऱ्याची लिमिट १,२०,०००, बाकी ७१,०००. तिसरं छोटं, लिमिट ६०,०००, बाकी १८,५००. म्हणजे ३,६०,००० च्या लिमिटवर २,४१,५०० बाकी. दर महिन्याला तिन्हींवर मिळून १६ हजार भरतो. एकही हप्ता चुकवलेला नाही. तरी वर्षभरात बाकी हललेली नाही.

आता दुसऱ्या कार्डाच्या बँकेचा रोज मेसेज येतोय, लिमिट २ लाख करून देतो, फक्त होय म्हणा. शॉपमधला एक मित्र म्हणतो, घे, लिमिट वाढली की वापराचं प्रमाण, म्हणजे लिमिटच्या किती टक्के बाकी आहे ते, खाली येतं आणि सिबिल, म्हणजे आपली कर्जाची पत दाखवणारा आकडा, सुधारतं. बायको म्हणते, छोटं कार्ड आधी फेडा आणि तिन्ही कात्रीनं कापून टाका. दोघांचंही थोडं थोडं पटतं. काय करू?


निपाणीकर
८ जून २०२५, रात्री १०:५०

दादा, लाज कसली? दवाखान्यापायी झालेलं कर्ज आहे, जुगारात घालवलेलं नाही. मीही यातनंच वर आलोय, ३ लाखाच्या आसपास होतं.

एकच विचारतो. १६ हजार भरल्यावर पुढच्या महिन्याभरात त्याच कार्डांवर किती खर्च होतो? खरं खरं सांगा.


उद्यमबागवाला
८ जून २०२५, रात्री ११:०५

आत्ता ॲप उघडून बेरीज केली. मे महिन्यात किराणा, पेट्रोल, मुलीची वह्या-पुस्तकं, गॅस, मोबाईलचं रिचार्ज मिळून ६,३४० रुपये. एप्रिलमध्ये ५,९००. पाच तारखेला पैसे भरले की हातात काही उरत नाही, मग कार्डच काढावं लागतं.


खानापूरचा निवृत्त
९ जून २०२५, सकाळी ७:२०

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही कर्जवसुली विभागात. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

तुमची बाकी का हलत नाही ते आधी आकड्यात बघा. कार्डाचा व्याजदर महिन्याला साधारण साडेतीन ते पावणेचार टक्के असतो. ३.६ धरू. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे प्रत्यक्षात महिन्याला ४.२५ च्या जवळ. २,४१,५०० वर हे होतात १० हजार २५० च्या आसपास. तुम्ही १६ हजार भरता, त्यातले सव्वादहा हजार व्याजातच जातात. मुद्दल उतरतं पावणेसहा हजारांनी, आणि तुम्ही परत ६ हजारांची खरेदी त्यावर चढवता. वर्षभर हेच चाललंय. तुमच्याकडून कष्टात कुठं कसूर नाही, हिशोबाची गाठच तशी बसलीय.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला ते ४५-५० दिवसांचं बिनव्याजी मिळत नाही. किराण्याचं बिल स्वाइप केलं त्याच दिवसापासून व्याज चालू. म्हणजे तुमच्या घरातली तूरडाळसुद्धा वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वरच्या दरानं उधारीवर येते आहे. मला हे वाचून वाईट वाटलं म्हणून स्पष्ट लिहितोय.

आता लिमिटचं. ती वाढवून घेतली तर ४,४०,००० वर २,४१,५००, म्हणजे वापर ६७ टक्क्यांवरून ५५ वर दिसेल. कागदावर बरं दिसतं. पण व्याज एका रुपयानंही कमी होत नाही, आणि वर ८० हजारांचं दार उघडं राहतं. आज होय म्हणू नका. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही, रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे कार्डाबाबतचे नियम तसेच आहेत. मेसेजला उत्तर दिलं नाही तर काही बिघडत नाही. ॲपमध्ये तो निळा बटणाचा चौकोन चुकून दाबला जाणार नाही एवढं बघा.


वडगावचा मागवाला
९ जून २०२५, सकाळी ९:४१

मी सांगूलालो ते ऐका दादा. वैनी बरोबर बोलूलालेत. कापून टाका. आमच्या गल्लीत मागाचा धंदा बसला तेव्हा दोघातिघांनी कार्डं घेतली. एका कार्डातनं काढून दुसऱ्याचं भरायचं. बाजारात काही मोबाईलवाले कार्ड स्वाइप करून टक्केवारी कापून रोख देतात, तेही केलं. शेवटी माग विकले. सिबिल बघत बसायला माणूस आधी शिल्लक राहायला पाहिजे की ओ.


टिळकवाडीची
९ जून २०२५, दुपारी १:१५

मागवाल्या दादांशी मी पूर्ण सहमत. इथले बरेच जण सिबिल सिबिल करतात, पण पुढची दोन-तीन वर्षं कर्ज काढायचंच नसेल तर तो आकडा पूजा करायला ठेवायचा का? माझ्या नवऱ्याची लिमिट होती अडीच लाख. आम्ही बँकेला लेखी देऊन ती ४० हजार करून घेतली. त्या दिवसापासून घरात झोप लागायला लागली. लिमिट दिसत राहिली की माणूस तिला आपलाच पैसा समजतो. पगार ३४ हजार आणि "उपलब्ध लिमिट १ लाख १८ हजार", असं रोज डोळ्यांसमोर आल्यावर कुणाचाही हिशोब चुकेल.


शहापूरची लेक
९ जून २०२५, दुपारी ३:०२

मी एका पतपुरवठा सोसायटीत काऊंटरला बसते, दिवसभर हेच बघते. टिळकवाडीच्या ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटतं, फक्त क्रमाबद्दल माझं वेगळं मत आहे.

कार्ड कापल्यानं कर्ज कापलं जात नाही, ते कुणालाच नको सांगायला. पण धागाकर्त्या दादांनी छोटं कार्ड फेडून लगेच बंद केलं तर काय होतं? लिमिट उरते ३ लाख, बाकी २,२३,०००, म्हणजे वापर ७४ टक्के. तेच कार्ड शून्यावर आणून चालू ठेवलं तर ६२. आणि मोठ्या कार्डाची लिमिट आजच कमी करा म्हणून गेलात तर १,५२,००० च्या खाली ती आणता येणारच नाही. अगदी काठाला लिमिट असली आणि व्याज चढलं, की तीही ओलांडायची भीती.

म्हणून आधी कर्ज उतरवायचं, मग लिमिट उतरवायची. मधल्या काळात लिमिट कागदावर राहू दे, पण तिला हात पोचणार नाही असं करायचं. त्याची सोय ॲपमध्येच आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं की ग्राहकाला कार्ड चालू-बंद करता यायला हवं आणि प्रत्येक प्रकारच्या व्यवहाराची मर्यादा स्वतः ठरवता यायला हवी. ऑनलाइन, दुकानातलं मशीन, टॅप करून देणं, एटीएम, परदेशी व्यवहार, सगळ्यांची वेगवेगळी बटणं असतात. सगळी बंद करा. १,८०,००० ची लिमिट तशीच राहते, पण त्यावर एक पाव किलो कुंदासुद्धा घेता येत नाही.

कार्डावर आपोआप कापली जाणारी काही वर्गणी असेल तर ती आधी रद्द करा, नाहीतर दर महिन्याला फेल झाल्याचे मेसेज येत राहतात.


चिकोडीची
९ जून २०२५, सायंकाळी ६:३३

थोडं वेगळं विचारते, रागावू नका. माझ्या भावाचे चार हप्ते थकलेत. वसुलीवाले सकाळी सात वाजता फोन करतात, बाबांनाही करतात. आता म्हणतात की ९० हजारांतले ५० भरा, सेटलमेंट करून टाकू. करावं का?


खानापूरचा निवृत्त
९ जून २०२५, रात्री ८:१०

ताई, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. घरच्यांना धमकावणं, चारचौघांत अपमान करणं यालाही बंदी आहे. फोनची वेळ आणि नंबर एका वहीत लिहून ठेवा, स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. बँकेच्या तक्रार विभागाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. चौकशीचा नंबर १४४४८, तिथं मराठीतूनही बोलता येतं आणि कन्नडमधूनही. आपल्या भागात हे महत्त्वाचं आहे, कारण फोनवर समोरचा कन्नड किंवा हिंदीत भराभर बोलतो आणि आपला माणूस गप्प बसतो.

सेटलमेंटचं म्हणाल तर भावाला दुसरा मार्गच नसेल तर करा, पण डोळे उघडे ठेवून. क्रेडिट अहवालात ते खातं "बंद" असं न दिसता "सेटल्ड" असं दिसतं, आणि पुढचा कर्ज देणारा ते वाचतो. आणि पत्र हातात येण्याआधी एक रुपया देऊ नका. त्यात रक्कम, तारीख आणि नंतर काही बाकी राहणार नाही हे स्पष्ट लिहिलेलं हवं. पैसे बँकेच्या खात्यातच भरायचे, वसुलीवाल्या पोराच्या फोनवर नाही.


उद्यमबागवाला
१० जून २०२५, रात्री ९:४८

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवणं झाल्यावर बायकोला हा धागा वाचून दाखवला. तुरीच्या डाळीचं वाक्य आलं तेव्हा ती उठून आत गेली, मला वाटलं चिडली. डब्यातनं किराण्याची जुनी बिलं घेऊन आली. दोघांनी मिळून बसून बघितलं. तिन्ही कार्डांवरचे सगळे व्यवहार ॲपमधून बंद केले. लिमिट वाढवायच्या मेसेजला काही उत्तर दिलं नाही.

आता अडचण अशी की १६ भरल्यावर घरखर्चाला रोख कमी पडणार. बायको म्हणते सोसायटीत गंठण ठेवू. तिथं सोनेतारणाला वर्षाला १२ टक्के आहे, १,२०,००० मिळतील म्हणतात. मला तिचं गंठण ठेवायचं मन होत नाही.


निपाणीकर
१० जून २०२५, रात्री १०:२०

मन होत नाही हे समजतं. पण गणित बघा दादा. १,२०,००० वर कार्डाचं व्याज जीएसटी धरून महिन्याला ५,१०० च्या जवळ, सोसायटीचं १,२००. दर महिन्याला जवळजवळ ३,९०० वाचतात. तुम्ही नवी खरेदी थांबवलीय, तेव्हा या वाचलेल्या पैशातनं थोडे घरखर्चाला काढलेत तरी चालेल.

तिन्हींचा दर सारखाच असेल तर मी छोटं कार्ड आधी संपवलं असतं. व्याजात फरक पडत नाही, आणि एक खातं शून्य झालेलं बघितलं की घरात हुरूप येतो. दर वेगळे असतील तर मात्र सगळ्यात महागडं आधी.


शहापूरची लेक
१० जून २०२५, रात्री १०:४४

काऊंटरच्या या बाजूनं एक सांगू का? सोनं ठेवून कार्ड मोकळं करणारे आमच्याकडे दर आठवड्याला येतात. त्यातले कितीतरी जण सहा महिन्यांनी परत येतात, आणि तेव्हा कार्डही भरलेलं असतं आणि सोनंही आमच्या तिजोरीत असतं. कारण एकच. कार्डावर पैसे भरले की लिमिट मोकळी होते, मोकळी झाली की वापरली जाते.

म्हणून गंठण ठेवायचंच असेल तर मोठ्या कार्डावर १,२०,००० भरा आणि ते जमा झाल्याचं दिसलं की त्याच आठवड्यात त्या कार्डाची लिमिट ५० हजार करा म्हणून बँकेला लेखी द्या. आता टिळकवाडीच्या ताईंचा सल्ला बरोबर जागेवर बसतो. बघा, बाकी राहील १,२१,५००, लिमिट राहील २,३०,०००. वापर ५३ टक्के. लिमिट १ लाख ३० हजारांनी कमी करूनही तुमचं प्रमाण आजच्या ६७ पेक्षा चांगलंच दिसेल. सिबिलही राखलं जातं आणि दारही बंद होतं.

सोसायटीचं व्याज मात्र दर महिन्याला भरत जा. सोन्याचं कर्ज गप्प पडून असतं, फोन करत नाही, म्हणून लोक विसरतात, आणि मग लिलावाची नोटीस येते.


टिळकवाडीची
१० जून २०२५, रात्री ११:०१

पटलं. आमच्याकडेही आम्ही आधी फेडलंच होतं, लिमिट नंतर कमी केली. हे मी कालच्या घाईत लिहिलं नाही.


खानापूरचा निवृत्त
११ जून २०२५, सकाळी ६:५५

शहापूरच्या लेकीनं जे सांगितलं त्यात मला एवढीच भर घालायची आहे. लिमिट कमी करायचा अर्ज ईमेलनं करा म्हणजे तारीख राहते. मोठ्या कार्डाचा दवाखान्याचा खर्च हप्त्यांत बदलून घेतलेला असेल तर आधी तेही तपासा. हप्त्यात बदललेली रक्कम लिमिटमधून अडकलेली असते आणि जसजसं मुद्दल भरलं जाईल तसतशी मोकळी होते, आणि मुदतीआधी फेडायला वेगळं शुल्क लागू शकतं.

आणि बिल तयार व्हायच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी पैसे भरायची सवय लावा, शेवटच्या तारखेला नको. बँका साधारणपणे बिलाच्या तारखेची बाकीच पुढं सिबिलला कळवतात. शिवाय लवकर भरलं तर तेवढ्या दिवसांचं व्याजही वाचतं.


उद्यमबागवाला
२१ जून २०२५, रात्री १०:३०

काल सोसायटीत जाऊन आलो. बाहेर पाऊस धो धो. सराफानं गंठण काट्यावर ठेवलं, आकडा स्थिर होईपर्यंत बायको त्या काट्याकडं बघत उभी होती. वाट्या आणि काळे मणी वेगळे मोजून वजा केले. पावती तिनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवली, मला दिली नाही. "सोडवायला मीच येणार," म्हणाली.

१,२०,००० त्याच दिवशी कार्डावर भरले. हप्त्यात बदललेलं काही नव्हतं. लिमिट कमी करायचा ईमेल आज पाठवला. कस्टमर केअरच्या मुलीनं दोनदा विचारलं, सर नक्की कमीच करायची का, तुम्हाला तर वाढवून मिळतेय. म्हटलं नक्की.


वडगावचा मागवाला
२२ जून २०२५, सकाळी ८:१५

वैनींना आमचा नमस्कार सांगा. गणपतीत सांभाळा तेवढं. मखर, लाइटिंग, पाहुणे, सगळं तेव्हाच अंगावर येतंय.


उद्यमबागवाला
१६ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ७:४०

काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून पुढचं लिहितो.

छोटं कार्ड ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या आठवड्यातच शून्य झालं. यंदा मखर पुठ्ठ्याचं केलं, मुलीनं आणि शेजारच्या पोरांनी मिळून. कार्ड तेव्हा बंद केलं नाही. मोठ्या कार्डाची लिमिट ५० हजार झाल्याचं पत्र जुलैतच आलं होतं. दिवाळीचा बोनस १२ हजार मिळाला तो सगळा त्याच कार्डात घातला, या महिन्यात तेही संपलं. आता फक्त दुसऱ्या कार्डावर ५६ हजारांच्या आसपास आहेत. सोसायटीचं व्याज दर महिन्याच्या एक तारखेला भरतो, मुद्दल तसंच आहे.

ऑगस्टच्या बिलात एक गोष्ट सापडली. छोट्या कार्डावर वार्षिक शुल्काचे पैसे लागलेले. म्हणून आता ते बंदच करायचं ठरवलं. बाकी सगळी उतरल्यामुळं आता लिमिट गेली तरी फार फरक पडत नाही. बुधवारी अर्ज दिला.

फुकटचा क्रेडिट अहवालही मागवला. वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून मिळतो हे इथंच कुठंतरी वाचलं होतं. त्यात मोठ्या कार्डाची बाकी अजून ३२,००० दिसतेय. काही करावं लागेल का?


खानापूरचा निवृत्त
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:२५

वा, फार बरं वाटलं वाचून. ३२ हजारांची काळजी करू नका. अहवाल कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते त्या खात्याच्या ओळीत लिहिलेलं असतं, ते बघा. यंदा जानेवारीपासून बँकांना दर पंधरा दिवसांनी माहिती कळवावी लागते, तेव्हा महिनाअखेरीस परत बघितलंत तर बदललेलं दिसायला हवं. तरीही चूक राहिली तर दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत सोडवला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

छोटं कार्ड बंद करायला बँकेला सात कामाचे दिवस आहेत. बाकी काही नसताना त्यापेक्षा उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असं त्या २०२२ च्या नियमांतच आहे. बुधवारच्या अर्जाची पोच जपून ठेवा.


शहापूरची लेक
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:०३

दादा, गंठण कधी सोडवताय?


उद्यमबागवाला
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:३०

मार्चपर्यंत दुसरं कार्ड संपेल. मग हेच १६ हजार सोसायटीत. भाचीचं लग्न पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आहे, येळ्ळूरला. बायकोनं पावतीच्या मागं पेन्सिलीनं महिने लिहून ठेवलेत, एक एक खोडायला.